नाद हायफायचा, पगार बेताचा: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात नीट वाजणारा स्टिरिओ सेट पाहिजे, पण वीस तारखेनंतर पाकीट चाचपावं लागतं, अशा मंडळींसाठी हे लिहिलंय. दोन लाखाचा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा की तीन लाखाचा असा ज्यांचा प्रश्न आहे त्यांचं आणि आमचं जमणार नाही. किमती अंदाजाच्या आहेत, सेलमध्ये वरखाली होतात.

पगार २८ हजार आहे. ह्या नादात पडू का नको?

पडा की. पण आधी भाडं, किराणा, पोरांची फी, गाडीचा हप्ता आणि दवाखान्यासाठी बाजूला टाकायचे पैसे, सगळं वजा करा आणि मग काय उरतंय ते बघा. काहीच उरत नसेल तर सध्या हेडफोनवर ऐका, त्याबद्दल खाली लिहिलंय, त्यात कमीपणा काही नाही. उरत असेल तर पगाराच्या पाच टक्के धरा असं मी सांगतो, म्हणजे महिना १४०० रुपये. एवढ्यानं ४० हजाराचा सेट जमवायला जवळपास अडीच वर्षं लागतात, हे ऐकलं की बऱ्याच जणांचं तोंड उतरतं. दिवाळी बोनस मिळत असेल तर त्यातला थोडा टाका, मुदत कमी होते. आणि खरं सांगायचं तर उशीर झाल्यानं काही बिघडत नाही, त्या काळात माणूस चार जणांचे सेट ऐकतो, दोनदा मत बदलतो आणि शेवटी जे घेतो ते पहिल्या महिन्यात घेणार होता त्याहून भलतंच असतं.

हप्त्यावर घेऊ का? नो कॉस्ट ईएमआय म्हणजे फुकटच की.

फुकट नसतो. व्याजाएवढी सूट किमतीत दिलेली असते म्हणून व्याज दिसत नाही, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी वेगळी. ही रक्कम तशी किरकोळच. घोळ होतो तो पुढं, एखाद्या महिन्यात अडचण आली, कार्डाचं बिल मिनिमम भरून ढकललं, की साडेतीन टक्क्याच्या आसपास महिन्याचं व्याज चालू होतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एवढं व्याज भरत ऐकायला बसलं की सूर डोक्यात शिरत नाही, आकडेच शिरतात.

त्यापेक्षा भिशी बरी. गल्लीतली नाहीतर कामावरची ओळखीची दहा-बारा माणसं, प्रत्येकाचे महिन्याला ठरलेले पैसे, नंबर लागला की एकरकमी हातात. फक्त ओळखीतलीच लावा. जादा परतावा देतो म्हणणारी स्कीम असेल तर तिथनं उठून यायचं.

घरात किंमत किती सांगायची?

जेवढी आहे तेवढी. निम्मी सांगायची, बिल कामावरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं, खोकं मित्राच्या घरी उघडायचं, हे प्रकार आपल्यात लई चालतात आणि ते चांगले नाहीत हे नीतीचं म्हणून सांगत नाही, व्यवहाराचं सांगतोय. चार वर्षांनी अ‍ॅम्प बिघडतो, दुरुस्तीला सहा हजार लागतात, आणि घरात सात हजाराची म्हणून सांगितलेल्या वस्तूला सहा हजार दुरुस्ती कशाला, नवीनच आणा की, असा सरळ प्रश्न येतो. काय उत्तर देणार?

दुसरं असं की तुमच्या नादाला महिना १४०० ठरले असतील तर बायकोला, नवऱ्याला, जे कोण असेल त्यांनाही तेवढेच बिनहिशोबी पैसे पाहिजेत. ते जमत नसेल तर दोघांचे ७०० करा. आणि टीव्हीचा आवाज ह्याच स्पीकरवर घ्या, ऑप्टिकल वायरनं किंवा एचडीएमआय एआरसीनं, म्हणजे आईला सिरियलमधले संवाद स्वच्छ ऐकू येतात आणि तो सेट फक्त तुमचा राहत नाही. यापेक्षा मोठा पाठिंबा कुठं मिळणार नाही.

४० हजारात काय काय बसतं?

मी असं वाटतो: स्पीकरची जोडी २२ हजार, अ‍ॅम्प १० हजार, स्टँड ३ हजार, खोलीसाठी ३ हजार, वायर आणि सटरफटर १ हजार, उरलेला हजार हातात ठेवायचा. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर, कारण आवाजातला खरा फरक स्पीकर आणि खोली ह्या दोन ठिकाणी ऐकू येतो. बरे अ‍ॅम्प त्यांच्या ताकदीच्या आत वापरले तर एकमेकांच्या फार जवळ असतात, आणि डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी, तर त्याहून जवळ. म्हणून पाच-साडेपाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या खोक्याचे, स्पीकर चांगले घ्या आणि बाकी सगळीकडं हात आखडा.

त्याच पैशात ५.१ होम थिएटर मिळतंय की!

मिळतंय, पण तेच पैसे सहा डब्यांत वाटले जातात. पिक्चरच बघायचे असतील तर घ्या. गाणी ऐकायची असतील तर दोनच घ्या, पण चांगले.

किती वॅट पाहिजेत? दुकानदार हजार वॅट म्हणतोय.

हजार वॅट पीएमपीओ ही जाहिरातीची भाषा आहे, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती आणि किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ते विचारा. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८७ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप), म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डीबी आवाज. हा आवाज चांगलाच मोठा असतो. घरात आपण रोज ऐकतो तेव्हा सरासरी एक वॅटसुद्धा लागत नाही, जास्तीची ताकद लागते ती तबल्याच्या थापेसारख्या अचानक उसळणाऱ्या आवाजाला. आणि वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात, कानाला दुप्पट वाटायला १० डीबी म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळं ४० वॅटचा सोडून ६० वॅटचा घ्यायला जादा पैसे मोजू नका, कळणारसुद्धा नाही. १० बाय १२ च्या खोलीला खरे ४०-५० वॅट म्हणजे चैन आहे.

हल्ली टीपीए ३२५५ चिपचे छोटे डबीएवढे अ‍ॅम्प मिळतात, माझ्या मते कमी पैशातला हा सगळ्यात शहाणा सौदा. फक्त त्यावर छापलेले ३०० वॅट मोठी पॉवर सप्लाय, ४ ओहमचा स्पीकर आणि भरपूर डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) धरून काढलेले असतात.

माझी खोली १० बाय १२ आहे, फरशी आणि स्लॅब. आवाज घुमतो. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि पैसे सगळ्यात जास्त इथंच वाचतात.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागं झणझण असा आवाज राहिला तर ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, टोचणार, मग स्पीकर कितीही भारी असू दे. फरशीवर, म्हणजे स्पीकर आणि तुमच्या मधे, जाड सतरंजी नाहीतर घोंगडं टाका. घोंगडं खरंच कामाचं आहे, लोकर जाड आणि खरबरीत असते. खिडकीला जाड पडदा. मग आरशाची युक्ती करा, तुम्ही बसायच्या जागी बसा, दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा, आरशात जिथं स्पीकर दिसतो तिथून आवाज भिंतीला आपटून तुमच्याकडं येतोय. तिथं दोन इंची रॉकवूलची (दगडाच्या तंतूंची) पाटी लाकडी चौकटीत बसवून कापडात गुंडाळून टांगा. कापड आरपार फुंकर जाईल असं पाहिजे. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवू नका, त्यानं खोली पोल्ट्रीसारखी दिसते आणि आवाजात म्हणावा असा फरक पडत नाही.

बेसची गोष्ट वेगळी. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटाच्या बाजूला ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतीभिंतीत उभा राहतो, त्यामुळं एका जागी बेस धुमधुम करतो आणि दोन फूट पुढं सरकलं की गायब. ह्याला घोंगडं पुरत नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं, आणि स्वतःची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नका आणि बरोबर मधोमधही ठेवू नका. सरकवायला पैसे लागत नाहीत, रविवारी एक दुपार घालवा. गाणी कॉम्प्युटरवरनं वाजवत असाल तर आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोजवर सूर कमी-जास्त करणारं इक्वलायझर एपीओही फुकट, मोजमापात बेसचा जो उंचवटा दिसतो तो इक्वलायझरमध्ये कापा. खड्डा भरायला जाऊ नका, त्यात अ‍ॅम्पची ताकद वाया जाते आणि खड्डा तसाच राहतो.

पत्र्याचं छत असेल तर जुलैत ऐकायचं विसरा, हेडफोन काढा.

स्टँड कुठं मिळतात? ऑनलाइन आठ-दहा हजार सांगतायत.

कोल्हापुरात राहून ऑनलाइन स्टँड मागवायचे म्हणजे कमालच झाली. उद्यमनगरात जा, फॅब्रिकेशनवाल्याला कागदावर काढून दाखवा: खाली १२ बाय १० इंचाची जाड प्लेट, मधे चौकोनी एमएस पाइप, वर स्पीकरच्या बुडाएवढी प्लेट. उंची अशी ठेवा की तुम्ही बसल्यावर ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या पातळीला येईल, साधारण २४ इंचाचा स्टँड लागतो, पण आधी स्वतःच्या खुर्चीत बसून मोजा. पाइपचं वरचं तोंड बंद करू नका म्हणावं, नंतर कोरडी वाळू भरायची असते, त्यानं पाइप टणटणत नाही. रंग काळा मॅट. लहान काम म्हणून दोन दिवस टाळतील, शनिवारी सकाळी गेलात तर समोर उभं राहून करून घेता येतं.

स्पीकर वायर कुठली? मीटरला दोन हजारवाली घेऊ का?

इलेक्ट्रिकलच्या दुकानातली तांब्याची मल्टीस्ट्रँड, दीड एमएम चालते, लांब असेल तर अडीच. पाच मीटरच्या दीड एमएम वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१२ ओहमच्या आसपास, आठ ओहमच्या स्पीकरपुढं तो कुठंच लागत नाही. विषय संपला.

आमच्या मंडळाच्या डॉल्बीवाल्याकडून दोन बॉक्स करून घेतले तर? स्वस्त पडतंय.

स्वस्त पडतंय, पण त्याचं काम वेगळं. ते बॉक्स लांबवर आवाज फेकायला असतात, १५ इंची स्पीकर आणि हॉर्न, एका वॅटला ९७-१०० डीबी. १० फुटावर बसून मारवा ऐकायला ते नकोत, हॉर्न कानात घुसतो. शिवाय घरात ठेवायला जागा कुठाय.

डॉल्बीपुढं नाचणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. ८५ डीबी आठ तास ही कानाची सुरक्षित हद्द मानतात, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डीबीला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत त्याहून जास्त असतं. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग थोडक्या पैशात मिळतात ते घाला, कारण गेलेला कान कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि मग हा सगळा खर्च कुणासाठी?

सेकंडहँड घ्यावं का? काय बघायचं?

घ्यावंच. बेताच्या पगारात चांगलं ऐकायचा सरळ रस्ता हाच. पण ओएलएक्सवरचा फोटो बघून पैसे पाठवायचे नाहीत, वाजवून घ्यायचं आणि हातात घेऊन बघायचं.

आपल्याकडं पहिली गोष्ट बघायची ती पुराची. २०१९ आणि २०२१ ला शहरात आणि नदीकाठच्या गावांत किती घरांत पाणी शिरलं ते सांगायला नको, त्यातलं सामान वाळवून-पुसून अजून फिरतंय. स्पीकरचा बॉक्स एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर खालची कड फुगलेली किंवा पापुद्रा सुटलेला दिसतो, बोट फिरवून बघा. स्क्रूला गंज, आत टॉर्च मारली तर बारीक गाळाची रेघ, कुबट वास. यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं, कितीही स्वस्त देऊ दे.

मग कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा. वूफरच्या कडेला फोम असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी त्याचा भुगा होतो, हळूच दाबून बघा. रबराची कड जास्त टिकते. कोन दोन-तीन बोटांनी सारखा दाबून आत-बाहेर करा, खरखर लागली तर कॉइल घासतेय. ट्वीटर वाजतोय का ते कान जवळ नेऊन ऐका, बऱ्याच जणांचा एक ट्वीटर मेलेला असतो आणि त्यांना पत्ता नसतो.

अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम फिरवताना खरखरतो तो बहुतेक वेळा काँटॅक्ट क्लीनरनं सुटतो, त्यावर किंमत पाडून मागायला हरकत नाही. एक बाजू मधेच बंद होत असेल तर काम मोठं असू शकतं. अर्धा तास वाजवत बसा, चहा मागा, गप्पा मारा, काही दोष तापल्यावरच बाहेर येतात.

दुबईचा दाजी, अमेरिकेतला भाचा वस्तू आणतोय. आणू दे का?

मागची पाटी वाचायला सांगा. आपल्याकडं २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, दुबईलाही तसंच चालतं, पण अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. १२० वाल्या अ‍ॅम्पला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागणार, तो जड असतो आणि पैसे घेतो ते वेगळेच. जुन्या टर्नटेबलची (तबकड्या वाजवायच्या प्लेअरची) मोटार लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी असेल तर ती ६० ऐवजी ५० वर सहात पाच भागच फिरते, गाणारी बाई बुवा होते. त्यावर स्टेपडाऊन काही करू शकत नाही, पुली बदलावी लागते. आणि वॉरंटी इथं चालत नाही हे धरून चाला.

टर्नटेबल घ्यायचंय. आजोबांच्या तबकड्या पण आहेत.

पहिल्यांदा तबकड्या कुठल्या ते बघा. काळ्या, जड, पडल्या की फुटणाऱ्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजणाऱ्या असतील तर त्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे), लाखेच्या. वाकणाऱ्या, ३३ १/३ च्या असतील तर एलपी, त्या १९४८ पासून आल्या. हा फरक कळला नाही तर नुकसान होतं: एलपी पुसायला लोक पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, ते लाखेच्या तबकडीला लावायचं नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला डिस्टिल्ड वॉटर, एखादा थेंब भांड्याचा साबण, आणि मऊ ब्रश. सुई पण वेगळी लागते, ७८ ची चर रुंद असते आणि एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन खरवडते. बऱ्याच नव्या टर्नटेबलला ७८ चा वेगच नसतो, घ्यायच्या आधी विचारा.

आजोबांच्या नाट्यगीतांच्या दहा-वीस तबकड्या असतील तर टर्नटेबल घेण्याऐवजी त्या एकदा एखाद्या जाणकाराकडून डिजिटल करून घेणं स्वस्त पडतं. नवीन एलपीचा शौक मात्र बेताच्या पगाराला परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, एकेक रेकॉर्ड दोन-तीन हजाराच्या पुढं, सुई ५०० ते १००० तासांनी बदलायची, वर फोनो स्टेज, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल वाढवणारी डबी. सुटकेसवाले रंगीत प्लेअर तर नकोतच, त्यांची सुई जड बसते.

पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते. उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि नदीच्या बाजूला राहत असाल तर खालच्या कप्प्यात काहीच ठेवू नका.

हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईनं साठवलेली गाणी, पाहिजे का? डॅक कुठला?

सीडी १९८२ ला बाजारात आली, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, त्यात माणसाच्या कानाची २० किलोहर्ट्झची हद्द बसते, आणि चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना तिथपर्यंत ऐकूच येत नाही. तेवढं बास. अ‍ॅपल म्युझिक २०२१ पासून त्याच पैशात लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळलेली गाणी, देतंय. डॅक म्हणून फोनला लावायचा साधा डाँगल चालतो. डॅकवर वीस हजार घालायचे असतील तर ते स्पीकरवर घाला.

रेकॉर्डिंग कसं झालंय ह्याचा फरक हाय-रेझपेक्षा कितीतरी मोठा. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानावर अंतराळात गेली, ती ७८ च्या जमान्यातली मोनो, तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तरी साध्या स्पीकरवर काटा येतो.

ऐकून घ्यायला कोल्हापुरात शोरूम कुठाय?

बेताच्या बजेटचे स्टिरिओ शेजारी-शेजारी लावून ऐकवतील अशी सोय आपल्याकडं फार नाही. पुणे २३० किलोमीटर, कामानिमित्त जाणार असाल तेव्हा जोडून घ्या, आणि स्वतःची पाच गाणी घेऊन जा, त्यांच्या डेमोच्या गाण्यावर सगळंच छान वाजतं. दोन स्पीकर तोलताना आवाज दोन्हींचा सारखा करून घ्या, कारण जरासा मोठा वाजणारा कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

खरा तानपुरा, खरा तबला माइकशिवाय ऐका. गायन समाज देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासून आहे, गवई अल्लादिया खाँसाहेब इथं दरबारात होते, अशा गावात राहून नुसतं यूट्यूबवर स्पीकरचे रिव्ह्यू ऐकत बसायचं का? चार बैठका जवळून ऐकल्या की कुठला स्पीकर तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजणारी झणक) खोटी करतोय ते आपोआप कळतं.

सध्या पाच हजारच आहेत.

वायरवाले इअरफोन, दीड-दोन हजाराचे आयईएम, म्हणजे कानाच्या आत बसणारे. आज त्या पैशात जे मिळतं त्याच्याशी बरोबरी करायला स्पीकरला दहापट पैसे लागतात, शिवाय खोलीचा प्रश्न नाही. टोकाची रबरं तीन मापाची येतात, नीट बसणारी लावा, सैल बसली की बेस जातो आणि लोक इअरफोनला नावं ठेवतात. उरलेले पैसे पुढच्या सेटच्या डब्यात.

शेजारी भांडतात.

रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डीबी ही कायद्यातली मर्यादा आहे, ते बरोबर आहेत. सबवूफरचा (फक्त बेस वाजवणाऱ्या डब्याचा) आवाज भिंतीपलीकडं जातो, तो रात्री बंद. सामाईक भिंतीला स्पीकर लावू नका.

सेट घेऊन वर्ष झालं, आता अपग्रेडची खाज सुटलीय.

आधी जुनं विका, मग नवीन घ्या. हा एक नियम पाळला तरी घरात तीन अ‍ॅम्प साठत नाहीत. आणि विकायला काढल्यावर कळतं की स्पीकर म्हणजे गुजरीतलं (आपल्या सराफ बाजारातलं) सोनं नव्हे, खोकं फोडलं की भाव पडला. फरक किती पडेल ते आकड्यात लिहून काढा, समजा १२ हजार, आणि मग विचारा की तेच १२ हजार खोलीत घातले तर? बऱ्याचदा खाज तिथंच जिरते. नाही जिरली तर घ्या, पैसे तुमचे आहेत.

विकताना चांगला भाव कसा मिळतो?

बिल, वॉरंटी कार्ड आणि मूळ खोकं. खोकं आणि आतला थर्माकोल नसेल तर कुरियरनं पाठवताच येत नाही, मग गिऱ्हाईक गावातलंच शोधावं लागतं आणि ते पाडून मागतं. खोकी घडी न करता माळ्यावर ठेवा, एकात एक बसतात, आणि उंदरांनी थर्माकोल कुरतडला नाही ना ते दर दिवाळीच्या साफसफाईला बघत जावा.